डावा गुडघा

"डोळे मिटा आणि नुसत्या उभ्या राहा," असं सांगून ती माझ्या मागे गेली, आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही.

कोलार रोडवर टायरच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावरची खोली. खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं, त्याची फुसफुस वर ऐकू येत होती. मी चपला काढून, डोळे मिटून, थंड फरशीवर उभी. उजवा गुडघा दुखतो म्हणून मी आले होते आणि गुडघ्याकडे तिनं अजून पाहिलंसुद्धा नव्हतं. ती खोलीबाहेर तर गेली नाही ना, अशी शंका यायला लागली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काकू, तुम्ही डावीकडे झुकून राहिल्या. माहीत आहे तुम्हाला?"

"मी सरळच उभी आहे."

"तुम्हाला तसंच वाटत असेल. पण कुणी कानात काही सांगून राहिलं आणि तुम्ही ऐकून राहिल्या, तशा उभ्या आहात."

मी डोळे उघडून समोरच्या आरशात पाहिलं. डावा खांदा उजव्याच्या मानानं खाली उतरला होता आणि मान त्याच बाजूला कलली होती. रोज आरशासमोर उभी राहून मी केस विंचरते, पण हे कधी दिसलं नव्हतं.

ती ऑस्टिओपॅथ होती, म्हणजे औषधं न देता हातानं हाडं-स्नायू हाताळून उपचार करणारी. वय माझ्या निम्म्याहून कमी. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, ती इथंच जन्मली. तिची मराठी नागपूरच्या पिठाची आणि भोपाळच्या पाण्यात मळलेली. माझी आई तिथे असती तर तिनं लगेच दुरुस्त केलं असतं. वडिलांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आई लग्न होऊन पुण्याहून इथे आली आणि जन्मभर इथेच राहिली, पण घरात हिंदीतला एक शब्द मराठीत शिरला की तिच्या कपाळाला आठी पडायची. "झुकून राहिल्या नाही गं, झुकला आहात," असं ती नक्की म्हणाली असती, आणि लगेच पुढे, "कुणाकडची तू?"

आई जाऊन तेव्हा वर्ष व्हायला आलं होतं.

मी त्या खोलीपर्यंत का पोचले, ते सांगायला हवं. आई गेली तेव्हा इंदूरहून माझा मावसभाऊ आला. तिला अग्नी त्यानं दिला, दिवस त्यानं केले. मी एकुलती एक, पण त्या गडबडीत मला कुणी विचारलं नाही आणि मलाही काही सुचलं नाही. दादा चांगला माणूस आहे; त्यानं सगळं मनापासून केलं. मी मात्र सगळे दिवस दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. दिवाळीनंतर वर्षश्राद्धाचा विषय निघाला तेव्हा मी आमच्या गुरुजींना फोन करून विचारलं, "मी केलं तर?"

गुरुजी म्हणाले, "मुलीनं करायला हरकत काही नाही, ताई. पण बसायला लागतं. पाटावर, बराच वेळ. मध्ये गुडघा टेकायचा असतो. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले.

"नाहीतर खुर्ची आहेच. आता बरेच यजमान खुर्चीवरच बसतात."

खुर्ची मला नको होती. शेवटची काही वर्षं आईचं सगळं जगणं पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये चाललं होतं. तिच्यासाठी करायची ती एक गोष्ट मला जमिनीवर बसून करायची होती. आणि नेमकं त्याच दिवसांत माझ्या उजव्या गुडघ्यानं जमिनीशी भांडण काढलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, वयाप्रमाणे झीज आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "जमिनीवर बसणं आता विसरा."

दादाला हे कळल्यावर त्याचा फोन आला. "काय गं, कशाला हट्ट करतेस? मी येतो, बसतो, तासाभरात उरकतो. तू आपली गरम गरम भजी तळ."

"भजी तू तळ."

"मी तळलेली भजी पितरांनी खाल्ली तर तेच म्हणतील, आमचं श्राद्ध पुरे."

हसून झाल्यावर तो जरा हळू आवाजात म्हणाला, "बघ. आदल्या दिवशीपर्यंत सांग. नाही जमलं तर मी आहेच." त्यानं ते प्रेमानं म्हटलं होतं. पण बसायला जमलं नाही तर मी पुन्हा चौकटीला टेकून उभी राहणार, हे मला तेव्हाच दिसलं.

कॉलेजातल्या माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनी या मुलीचं नाव सुचवलं. त्यांची मान दुखत होती आणि हिनं म्हणे त्यांच्या पोटावर हात ठेवून मान बरी केली. मला ते ऐकून हसू आलं आणि कुतूहलही वाटलं. कुतूहल जास्त. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली. नवीन विषय समोर आला की तो कुठल्या कपाटात, कुणाच्या शेजारी बसेल, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. हा विषय कुठे बसतो? वैद्यकात? मालिशीजवळ? योगाशेजारी? की त्या खालच्या फडताळात, जिथं आम्ही कुठेच न बसणारी पुस्तकं ठेवायचो?

पहिल्या दिवशी तिनं माझा गुडघा पाहिला, पण सगळ्यात शेवटी. आधी घोटा पाहिला. मग पावलाची कमान दाबली. मग मला उताणं झोपवून बरगड्यांच्या खाली दोन्ही अंगठे ठेवले आणि म्हणाली, "श्वास घ्या. घ्या न. हं, इतकाच?"

"इतकाच येतो."

"येत नाही, तुम्ही घेत नाही." आणि मग चाचपडत चाचपडत ती डाव्या बाजूला, बेंबीच्या बाजूनं खाली, कमरेच्या हाडाच्या आत कुठेतरी पोचली आणि थांबली. तिनं तिथं फार जोर दिला नव्हता, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथं काही दुखतंय हे मला माहीतच नव्हतं.

"दुखतो तो उजवा गुडघा," मी म्हणाले.

"हो न. ओरडून राहिला तो उजवा. पण त्याला त्रास कोण देऊन राहिलं, ते पाहू द्या."

मग तिचे अंदाज सुरू झाले. डाव्या खांद्यावर जड पर्स लावता का? नाही. स्कूटर चालवता का, ट्रॅफिकमध्ये सारखा डावा पाय टेकवत? स्कूटर मी कधीच सोडली. पुस्तकं काढायला शिडीवर चढायच्या का? चढायचे, पण निवृत्त होऊन काळ लोटला. प्रत्येक नकारावर ती जराही ओशाळत नव्हती. "ठीक आहे, हे पण नाही," म्हणायची आणि पुन्हा हातानं शोधायला लागायची. मला तिचं ते आवडलं. ग्रंथालयात एखादं पुस्तक जागेवर सापडत नाही तेव्हा मीही अशीच शेजारचे खण तपासत जायचे. पुस्तक सहसा फार लांब गेलेलं नसतं.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. कॉलेजातून शरीररचनेचा जाड चित्रग्रंथ मागून आणला आणि जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवला. ही पद्धत दीडएकशे वर्षांपूर्वी एका अमेरिकन डॉक्टरनं सुरू केली. त्याची स्वतःची मुलं आजारानं गेली होती, त्या काळची औषधं काही करू शकली नव्हती. त्यानंतर तो हाडं हाताळत, शरीर चाचपत बसला. माणूस गेल्यावर कुणी काय करायला लागेल ते सांगता येत नाही, हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.

त्याचं म्हणणं समजायला अवघड नव्हतं. शरीर एकसंध आहे. हाडं, स्नायू, श्वास, रक्त, सगळं एकमेकांना धरून असतं, म्हणून दुखणं जिथे दिसतं तिथेच ते सुरू झालेलं असेल असं नाही. चित्रात मला तो स्नायूही सापडला, ज्यावर तिचा अंगठा थांबला होता. कमरेच्या मणक्यांच्या पुढून निघतो, पोटाच्या आतून खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाला जाऊन मिळतो. त्याचं वरचं टोक श्वासाच्या पडद्याला जवळजवळ चिकटलेलं. म्हणजे मी श्वास घेते ती जागा आणि मी पाऊल उचलते ती जागा शेजारी शेजारी आहेत. इतकी वर्षं या शरीरात राहून मला हा शेजार ठाऊक नव्हता.

काही गोष्टी मला पटल्या नाहीत. कवटीच्या हाडांची एक सूक्ष्म लय असते आणि ती हाताला कळते, असं काही जण लिहितात. दुसरे ते साफ नाकारतात. पुढच्या खेपेला तिनं माझ्या डोक्याखाली दोन्ही तळवे ठेवले तेव्हा मी विचारलंच, "आता काय ऐकू येतंय?"

ती हसली. "खरं सांगू काकू? काही नाही. पण असा हात ठेवला की पेशंट चूप बसतो आणि मान ढिली सोडतो. मग मला काम सोपं जातं."

"आणि झीज?"

"झीज मी पुसू शकत नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे. मी फक्त गुडघ्यावरचं ओझं वाटून देईन."

त्या उत्तरानं माझा तिच्यावर विश्वास बसला, असं मला वाटतं.

दर आठवड्याला मी जाऊ लागले. थंडी वाढत गेली. कोटरा सुल्तानाबादमधल्या घरून निघताना मी शाल घेई, टायरच्या दुकानातला माणूस मला ओळखायला लागला होता. तिच्या हाताखाली माझा श्वास हळूहळू लांब होत गेला. घोटा मोकळा झाला. घरी मी रोज सकाळी चादरीची घडी घालून तिच्यावर उजवा गुडघा टेकायचा सराव करू लागले, कारण गुरुजी म्हणाले होते, गुडघा टेकायचा असतो; आणि पूजेत वडील उजवा गुडघा टेकतात हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. आधी घडीला स्पर्श झाला तरी कळ यायची. मग स्पर्श सोसू लागला. मग थोडं वजनही. दर वर्षी सत्यनारायणाला जाऊन प्रसाद खाऊन येणाऱ्या मला, गुडघ्याच्या या छोट्या प्रगतीचं जे काही कौतुक वाटत होतं, ते मी कुणाला सांगू शकले नसते.

मग एका दुपारी गुरुजी आले. ते करोंदला राहतात. सगळं शहर ओलांडून स्कूटरवर येतात आणि आले की आधी हेल्मेट काढून केस नीट करतात. काय काय आणून ठेवायचं ते त्यांनी सांगितलं, चहा घेतला. निघताना मी जरा अभिमानानंच म्हणाले, "गुरुजी, बसून दाखवू?" आणि चादरीच्या घडीवर उजवा गुडघा टेकून, डावा उभा ठेवून बसले. चेहऱ्यावर कळ दिसू दिली नाही.

गुरुजींनी कप खाली ठेवला.

"छान. पण ताई, हे देवांसाठी झालं."

"म्हणजे?"

"देवकार्यात उजवा गुडघा. पितरांना डावा. तुम्ही कधी श्राद्ध जवळून पाहिलं नाही वाटतं?"

मी पाहिलं नव्हतं. दर वर्षी वडील आजी-आजोबांचं श्राद्ध करायचे तेव्हा मी आईबरोबर स्वयंपाकघरात असायचे. वडे, खीर, आमसुलाची चटणी. दारातून दिसायची ती वडिलांची पाठ. त्यांचा कुठला गुडघा जमिनीला आहे ते पाठीवरून कसं कळणार? सत्यनारायण मात्र बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर व्हायचा. जे दिसलं ते मी शिकले, आणि आठवडेच्या आठवडे मन लावून आईला सोडून देवांसाठी बसायचा सराव केला.

"देवांचंही थोडं असतंच, वाया नाही गेलं," गुरुजी हसू आवरत म्हणाले. "पण खरं काम डाव्याचं."

"डावा काय, चांगलाच आहे माझा," मी म्हणाले आणि पाय बदलले. डावा खाली, उजवा उभा. निदान तसं करायला गेले. डावा गुडघा खाली जाईना. दुखत नव्हता, नुसता जात नव्हता. कुणीतरी मांडीत आतून लगाम ओढून धरावा तसा. आणि त्याला खाली न्यायला मी जितकं वाकत होते, तितकं सगळं वजन उभ्या उजव्या गुडघ्यावर जाऊन तो कळवळत होता. शेवटी मी टेबलाचा पाय धरून बाजूला कलंडले. गुरुजी पुढे धावले, पण मला हात लावावा की नाही या संकोचात मध्येच थांबले.

"खुर्ची," ते हळूच म्हणाले.

"अजून वेळ आहे," मी म्हणाले. फारसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वेळ न घेताच कोलार रोडला गेले. तिला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. "म्हणजे मी इकडे डाव्याचं काम करून राहिली, आणि तुम्ही घरी उजव्याची प्रॅक्टिस? काकू, तुम्ही एकदा बोलायचं तर होतं, बसायचं कशासाठी आहे ते!"

खरंच, मी ते सांगितलं नव्हतं. 'मला जमिनीवर बसता यायला हवं,' एवढंच म्हटलं होतं. आता सांगितलं. आईचं वर्षश्राद्ध, दादा, चौकट. ती हसायची थांबली.

"आई किती दिवस आजारी होत्या?"

"दिवस नाही गं, वर्षं. डावी बाजू लुळी पडली होती. बोलणं मात्र शेवटपर्यंत धडधाकट."

"उचलायचं कोण?"

"मीच. दिवसा एक बाई यायच्या, पण सकाळ-संध्याकाळ मीच."

"कसं उचलायच्या? दाखवा."

"आता?"

"मी आई." ती तपासायच्या पलंगाच्या कडेवर जाऊन बसली, पाय खाली सोडले, डावा हात मांडीवर मेल्यासारखा टाकला. "भिंत कुठे होती?"

मी भिंत दाखवली. आईचा पलंग भिंतीला लागून होता, त्यामुळे एकाच बाजूनं जाता यायचं. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला काही आठवावं लागलं नाही. डावं पाऊल आपोआप पुढे, तिच्या दोन पावलांच्या मध्ये गेलं. उजवा पाय मागे जाऊन गुडघ्यात ताठ झाला. मी वाकले, दोन्ही हात तिच्या पाठीमागे नेऊन गुंफले. तिनं न सांगता तिचा उजवा, चांगला हात माझ्या मानेभोवती टाकला. डाव्या बाजूनं. तिचं तोंड माझ्या डाव्या कानाशी आलं.

आई दर वेळी त्या क्षणाला एक वाक्य म्हणायची. वडील होते तोवर आमचे वर्षाचे गहू करोंदच्या मंडीतून यायचे आणि हमाल पोतं पाठीवर घेऊन जिना चढायचा. आई आजारी पडल्यावर तिनं ते पोतं स्वतःसाठी घेतलं. मी वाकले की ती कानात म्हणायची, "हं, उचल. पोतं तयार आहे." कधी रागानं, बहुतेक वेळा गमतीनं. मी हसले की माझी पकड सुटेल, म्हणून मी न हसता, ओठ दाबून, तिला उचलायचे.

मी त्या मुलीला उचललं. ती आईपेक्षा जड होती.

"काकू," माझ्या कानाशी ती म्हणाली, "श्वास."

मला कळलं नाही.

"श्वास रोकून राहिल्या तुम्ही. वाकल्यापासून."

मी तिला खाली ठेवलं. ती पलंगावरून उतरून माझ्याभोवती फिरली, पहिल्या दिवशी फिरली होती तशी. "आता मी तुमच्या हातात नाही," ती म्हणाली. "पण पहा आरशात." मी पाहिलं. डावा खांदा खाली, मान डावीकडे, उजवा गुडघा मागे ताठ. मी अजून तिला धरूनच उभी होते.

तिनं मग समजावून सांगितलं. डावी कंबर सतत वाकलेली, ओढ धरून, म्हणून आतला तो स्नायू आखडत गेला. उजवा गुडघा मागून सगळं ओझं रेटत राहिला, म्हणून तो आधी बोलला. आणि दर वेळी श्वास बंद. "सवय झाली शरीराला. त्याला कुणी सांगितलंच नाही की आता सोड म्हणून." मग जरा विचार करून म्हणाली, "हा माझा अंदाज आहे हं. आधीचे तीन चुकलेच न. पण हा बसतो सगळीकडे."

मला तो बसतो आहे असं वाटलं. पटलं म्हणून असेल, किंवा तसं असावं अशी इच्छा होती म्हणून असेल. त्यातलं वेगळं काढणं मला आजही जमलेलं नाही.

उरलेल्या दिवसांत तिनं मला एकच गोष्ट शिकवली: खाली ठेवणं. उचलायच्या पवित्र्यातून श्वास सोडत, सावकाश, डावा पाय मागे नेत खाली जायचं. "उचलायची प्रॅक्टिस तुमची खूप झाली," ती म्हणायची. "आता उलटं." घरी मी तो सराव आईच्या खोलीत करायला लागले. भाड्यानं आणलेला पलंग कधीच परत गेला होता. फरशीवर त्याच्या पायांचे फिकट डाग होते आणि त्यांच्या कडेला, जिथं मी उभी राहायचे, तिथली फरशी बाकीच्यापेक्षा गुळगुळीत झाली होती. मी तिथंच चादरीची घडी ठेवायचे. डावा गुडघा आधी हवेत अडायचा. मग हळूहळू उतरत गेला. काही दिवस उतरायचा, काही दिवस रुसायचा. आदल्या दिवशी तो घडीपासून बोटभर वर थांबला आणि पुढे जाईना. संध्याकाळी दादाचा फोन आला.

"मग? मी सोवळं आणू का?"

"आण," मी म्हणाले. मग म्हणाले, "पण बॅगेतच ठेव."

"बॅगेत काय ठेव? काय गं, तुझी ती हाडवाली काय म्हणते?"

"म्हणते, श्वास सोड."

"एवढं सांगायला पैसे घेते?"

सकाळी तो आला, येताना पोहे-जिलबी बांधून घेऊन आला, आणि आज आपल्याला ती खाता येणार नाही हे दारात आठवून स्वतःच्याच कपाळावर हात मारला. गुरुजींनी पाट मांडला. खुर्चीही आणून भिंतीशी ठेवली होती त्यांनी. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. त्याला माहीत नव्हतं, ती माझी जागा होती.

मांडी घालून बसणं निभलं. देवांचा भाग आला, उजवा गुडघा टेकला. सरावाचा होता, कळ आली तरी जुमानली नाही. मग गुरुजींनी माझ्या खांद्यावरचं उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायला लावलं आणि मला दक्षिणेकडे वळवलं.

"आता आईंसाठी," ते म्हणाले. "डावा."

मी हात पुढे घेतले. डावा पाय मागे गेला, गुडघा खाली यायला लागला आणि बोटभर वर थांबला. काल थांबला होता तिथंच. उजवा गुडघा भरून आला. मागे दादाची हालचाल ऐकू आली. तो बॅगेकडे वळला असावा. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी ओठ दाबून धरले आहेत. कानात ते वाक्य ऐकू येईल आणि मी हसेन, मग पकड सुटेल, म्हणून धरायचे तसे.

मी ओठ उघडले. श्वास सोडला, तो पुष्कळ होता, सोडत राहिले. तो संपेपर्यंत गुडघा फरशीला लागला. मध्ये चादरही नव्हती.

"हं," गुरुजी म्हणाले आणि लगेच मंत्र सुरू केला. आईचं नाव घेऊन, तीळ घातलेलं पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं होतं. ते सोडलं. पुन्हा सोडलं. पिंडही ठेवून झाले. फरशी थंड होती. गुडघ्याच्या वाटीखाली मला दोन फरश्यांमधला सांधा जाणवत होता, एवढं आठवतं.

सगळं झाल्यावर उठायची वेळ आली आणि मला उठता येईना. खाली कसं जायचं ते मी शिकले होते. वर यायचं आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दादा पुढे आला. वाकला, दोन्ही हात माझ्या पाठीमागून घातले. मी माझा हात त्याच्या मानेभोवती टाकला. तो तयारीनं ताठ झाला आणि माझ्या हाताखाली त्याच्या बरगड्या जागच्या जागी थांबल्या. मी ते बोटांनी वाचलं आणि मला मोठी गंमत वाटली.

"दादा, आधी श्वास सोड."

"आता मला शिकवणार का तू?"

"सोड तर."

त्यानं नाक फेंदारून श्वास सोडला. त्याचा कान माझ्या तोंडाशी आला होता.

"हं, उचल," मी म्हणाले. "पोतं तयार आहे."